पेशवाईची वस्त्रे

पेशवा म्हटले की शनिवारवाडा, भट घराणे आणि अटकेपर्यंतच्या मोहिमा आठवतात; जणू तो एखाद्या राजकुळाचाच किताब होता. माझ्या मते तो मुळात हुद्दा होता आणि अखेरपर्यंत हुद्दाच राहिला. फारसीत पेशवा म्हणजे पुढे चालणारा, अग्रणी. दख्खनच्या सुलतानी राज्यांत मुख्य कारभाऱ्याला ही संज्ञा असे. निजामशाहीतला मलिक अंबर पेशवाच होता. शिवछत्रपतींनी हे पद ठेवले, १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी त्याला 'मुख्य प्रधान' असे संस्कृत नाव दिले आणि अष्टप्रधानांत ते मोरोपंत पिंगळ्यांकडे राहिले. मोरोपंतांमागून त्यांचे पुत्र निळोपंत पेशवे झाले, मग पद वंशपरंपरागत नव्हते काय, असे कोणी विचारील. बापाच्या जागी लेक आला हे खरे, पण जागा घराण्याच्या मालकीची झाली नव्हती. १७१३ मध्ये बहिरोपंत पिंगळे कान्होजी आंग्र्यांच्या कैदेत सापडले, तेव्हा शाहू महाराजांनी पेशवाई बाळाजी विश्वनाथ भटांना दिली. १७२० मध्ये बाळाजींच्या विशीही न गाठलेल्या मुलाला, बाजीरावांना, ती मिळाली, तीदेखील दरबारातल्या जुन्या मुत्सद्द्यांची नाराजी पत्करून शाहूंनी दिली म्हणून.

याहून वजनदार आक्षेप पुढच्या काळाचा आहे. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, पुढच्या वर्षी सांगोल्याच्या करारानंतर सारा कारभार पुण्याला आला आणि छत्रपती साताऱ्यात नावापुरते उरले. मग तिथून येणारी वस्त्रे, म्हणजे पेशव्याची नेमणूक करताना छत्रपती देत तो मानाचा पोशाख, हा निव्वळ उपचार नव्हे काय? सत्ता पुण्यात होती, यात वादच नाही. पण उपचार पोकळ असता तर त्यासाठी एवढी धडपड कोणी केली नसती. १७७३ मध्ये पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर त्यांचे काका रघुनाथराव यांना साताऱ्याची वस्त्रे आणवावीच लागली. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाई या मुत्सद्द्यांच्या गटानेही नारायणरावांच्या मुलासाठी तीच मागवली, आणि तो मुलगा, सवाई माधवराव, अवघ्या चाळीस दिवसांचे असताना पेशवे झाले. तलवार आणि खजिना हाती असूनही दोन्ही पक्षांना ती हवी होती, कारण सरदार आणि रयत यांच्यापुढे हक्क सिद्ध करणारे दुसरे साधन कोणापाशीच नव्हते. पेशव्यांच्या शिक्क्यातही आधी छत्रपतींचे नाव, मग स्वतःचे आणि शेवटी मुख्य प्रधान हे पद, हा क्रम सुटला नाही.

१८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांपुढे शरणागती पत्करली आणि आठ लाखांच्या तनख्यावर ते बिठूरला गेले. १८५१ मध्ये ते वारल्यावर त्यांचे दत्तक पुत्र नानासाहेब यांना इंग्रजांनी ना तनखा दिला, ना पद मानले. १८५७ च्या उठावात नानासाहेबांनी पेशवाई पुन्हा जाहीर केली, पण वस्त्रे पाठवणारे साताऱ्याचे राज्यच गव्हर्नर जनरल डलहौसीने १८४८ मध्ये खालसा केले होते.