पाचटाचा कोळसा

उसाची तोडणी संपली, की फडाचे रूप एका दिवसात पालटते. कालपर्यंत जेथे माणूस दिसेनासा व्हावा असा दाट ऊस उभा होता, तेथे आज बुडखे आणि त्यांवर पसरलेला पानांचा जाड थर एवढेच उरते. ऊस मोळ्या बांधून कारखान्याकडे जातो. शेंड्याचे हिरवे वाढे गुरांपुढे पडते. मागे राहते ते वाळलेल्या पानांचे पाचट. एका हेक्टरात ते सुमारे १० टन भरते.

या पाचटाला गुरेही तोंड लावीत नाहीत. त्याच्या कडा करवतीसारख्या धारदार असतात व ते लवकर कुजतही नाही. इकडे शेतकऱ्याला खोडव्याला पाणी देण्याची घाई असते. तेव्हा तो वाऱ्याचा अंदाज घेऊन फडाच्या कडेला काडी लावतो. ज्वाळा उसळतात, आकाश काळवंडते आणि घटकाभरात सारे रान काळे होते. कधी वारा फिरतो आणि शेजाऱ्याचे उभे पीकही होरपळते. त्याच वेळी त्याच गावातील एखादी बाई सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन दूरच्या माळावरून परतत असते! एकीकडे जळण मिळत नाही आणि दुसरीकडे जळणाची होळी होते, असा हा विचित्र प्रकार आहे.

मग पाचटच चुलीत का घालू नये? ज्याने ते घालून पाहिले आहे, त्याला याचे उत्तर ठाऊक असते. मूठभर पाचट टाकले, की ते भुर्रकन पेटते आणि डाळीला उकळी फुटण्यापूर्वीच विझते. स्वयंपाक करणारीने एका हाताने पाचट सारीत बसावे व दुसऱ्या हाताने डोळे पुसावेत, अशी तिची अवस्था होते. जळण चांगले व्हावयाचे, तर ते घट्ट असावे लागते, सावकाश जळावे लागते आणि त्याला धूर नसावा लागतो. पाचटात यांपैकी एकही गुण नाही.

हे गुण त्याच्या अंगी आणावयाचे कसे? त्यासाठी जळती काटकी नीट निरखून पाहावी. काटकी तापली, की तिच्यातून निरनिराळे वायू बाहेर पडतात. आपण जिला ज्वाला म्हणतो, ती या वायूंच्या जळण्याने होते. जे पुरते जळत नाही, ते धूर होऊन डोळ्यांत जाते. वायू संपले, की लाल निखारा उरतो. तो बहुतांशी कार्बनचा असतो आणि शांतपणे, धुरावाचून जळतो. आता हीच काटकी हवा न लागू देता तापविली, तर वायू निघून जातात. पण हवेअभावी कार्बन जळू शकत नाही. तो कोळशाच्या रूपाने शिल्लक राहतो. लोणारी लोकांना ही गोष्ट पूर्वीपासून अवगत होती. ते लाकडे रचून त्यांवर मातीचे लिंपण करीत आणि आत मंद विस्तव ठेवीत. मात्र त्यांच्या कोळशासाठी झाडे तोडावी लागत.

हीच युक्ती पाचटाला लावून पाहण्याचे काम पुण्याच्या ‘ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट’ या संस्थेने केले. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने ती १९९६ मध्ये स्थापन झाली. ‘आरती’ या छोट्या नावाने ती ओळखली जाते. तेथील भट्टीची रचना साधी, पण मोठी चतुराईची आहे. लोखंडी पिंपांत पाचट ठासून भरतात, वर सैल झाकण बसवितात आणि ती पिंपे भट्टीत ठेवतात. प्रारंभी भट्टीखाली थोडे पाचटच जाळावे लागते. पिंपे तापली, की आतील वायू बाहेर येऊन पेट घेतात आणि त्यांच्याच उष्णतेने पिंपे आणखी तापतात. म्हणजे पाचट स्वतःच्याच वायूवर भाजले जाते! वायू येणे थांबले, की काम झाले असे समजावे. पिंप गार होण्यापूर्वी झाकण काढता येत नाही. नाही तर हवा लागून आतला कोळसा पेटावयाचा. १०० किलोग्रॅम कोरड्या पाचटातून साधारणपणे ३० किलोग्रॅम कोळसा मिळतो. पाचट वाहून नेणे म्हणजे निम्मी गाडी हवा वाहून नेणे होय. म्हणून भट्टीनेच शेतावर जावे, हे उत्तम. या कामाबद्दल संस्थेस २००२ मध्ये लंडन येथे ॲशडेन पुरस्कार मिळाला.

हा कोळसा भुग्याच्या रूपात असतो. पिठाची खळ किंवा शेण घालून तो कणकेसारखा मळतात. चकलीच्या सोऱ्याची आठवण व्हावी अशा यंत्रातून त्याच्या कांड्या पाडतात आणि त्या उन्हात खडखडीत वाळवितात. संस्थेने याच जळणासाठी ‘सराई’ नावाचा वाफेचा कुकर तयार केला. त्यात अवघ्या १०० ग्रॅम कांडीकोळशावर पाच माणसांचा वरणभात व भाजी तासाभरात शिजते.

एक धोका मात्र विसरता कामा नये. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यामुळे धूर नाही म्हणून दारेखिडक्या लावून शेगडी जवळ घेऊन झोपणे प्राणावर बेतते. शेगडी उघड्या जागीच असावी.

शिवाय सगळ्याच पाचटाचा कोळसा करावा असेही नाही. काही शेतकरी ते सरीतच पसरून ठेवतात. त्याच्या आच्छादनाने ओल टिकते आणि पुढे त्याचे खतही होते. ज्याची जमीन हलकी आहे, त्याने प्रथम तिचाच विचार करावा, हे रास्त आहे. परंतु ज्या फडात काडीच पडावयाची असते, तेथे भट्टीचा उपयोग निश्चित आहे. या भट्ट्या चालतात त्या तोडणीच्या कोरड्या दिवसांत. पाचट भिजले, की त्यातील पाणी आटविण्यातच निम्मी आच खर्ची पडते. म्हणून वळवाचा पहिला पाऊस येण्याच्या आत कांड्या वाळवून पोत्यांत भरून ठेवाव्या लागतात.