सड्यावरची रेघ आणि सातबारा

पावसाळा सरून सड्यावरचे, म्हणजे कातळी पठारावरचे, गवत पिवळे पडू लागते, त्या दिवसांत राजापूर तालुक्यातील कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती, जो सुमारे १८ मीटर लांब असून ज्याच्या अंगात मासे, पक्षी आणि श्वापदे यांच्या कितीतरी आकृती सामावलेल्या आहेत, नवख्या माणसाच्या दृष्टीस सहसा पडत नाही. खाचांत माती बसलेली असते, तीत तृणाने मूळ धरलेले असते. खराट्याने ती माती झाडावी, वर कळशीभर पाणी ओतावे आणि उन्हे तिरपी होईपर्यंत थांबावे, म्हणजे काळवंडलेल्या जांभ्यावर आधी पाठीची रेघ उमटते आणि मग हळूहळू सारा देह आकारास येतो.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी पायपीट करून अशी कातळशिल्पे अभ्यासकांच्या नजरेस आणली, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. परंतु त्यांच्या शोधाचे मुख्य साधन गुराख्यांकडे आणि वयोवृद्ध ग्रामस्थांकडे केलेली विचारपूस हेच होते. सरकारी दप्तरात ज्यांची नोंद नव्हती, त्या आकृती गावाला ठाऊक होत्या. देवीहसोळ येथे आर्यादुर्गेच्या देवळाजवळील चौकोनी आकृतीला तर भाविकांच्या मनात आजही स्थान आहे.

२०२२ साली या शिल्पांपैकी ९ स्थळे, महाराष्ट्रातील ८ आणि गोव्यातील पणसायमळ, युनेस्कोच्या संभाव्य यादीत दाखल झाली. आता ती संरक्षित करायची तर खरा प्रश्न जमिनीचा आहे. सातबाऱ्यावर ज्या क्षेत्रापुढे 'पोटखराबा', म्हणजे लागवडीस अयोग्य, असा शेरा पडतो, तोच कातळ खातेदाराला चिरे देतो, गुरांना चारा देतो, आणि त्यातच सुरुंगाने खड्डे घेऊन हापूसची कलमे लावली जातात. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत निर्बंध असतात, असे कानी आल्यावर खातेदाराच्या मनात धास्ती उत्पन्न झाली, तर तिला अज्ञान म्हणणे हा मला शुद्ध अन्याय वाटतो. कारण पिढ्यानपिढ्या त्या खाचांवरून नांगर वा सुरुंग न नेणारा माणूस हाच त्या शिल्पांचा आजवरचा बिनपगारी राखणदार होता.

रत्नागिरी तालुक्यातील उक्षी येथे ग्रामस्थांनीच पुढाकार घेऊन आपल्या गावच्या शिल्पाभोवती संरक्षक बांध घातला, आणि तोही कोणा वरिष्ठाचे फर्मान येण्याची वाट न पाहता. अन्य गावांतही संरक्षणाची अधिसूचना निघण्यापूर्वी तिचा मसुदा मराठीत ग्रामसभेपुढे वाचला जावा, हरकतींना पुरेशी मुदत मिळावी, चिरेखाण बंद करावयाची तर खातेदाराच्या मोबदल्याची तजवीज आधी व्हावी, आणि पाहुण्यांची वाट कोणाच्या बांधावरून जाईल, गाड्या कोणाच्या जमिनीत उभ्या राहतील, प्रवेशाचे पैसे कोणत्या खाती जमा होतील, हे त्या सभेतच ठरावे.