दुसऱ्याच्या पोराच्या जिवावर

न्यू ऑर्लिन्सचा न्यायाधीश मायकेल डेझियाटो मुलाला, ॲडमला, घेऊन पोलिस ठाण्यात येतो. गाडी चालवताना ॲडमला दम्याचा झटका आला, एक मोटारसायकलस्वार पोरगा मेला आणि ॲडम घाबरून पळाला. जे झालं ते कबूल करायचं, असं बापलेकांचं ठरलेलं. पण मेलेला मुलगा जिमी बॅक्स्टरचा, म्हणजे शहर ज्याला टरकून असतं अशा गुंडाचा, हे ठाण्यात कळतं आणि न्यायाधीश आल्या पावली मागे फिरतो. रक्त पुसणं, गाडी गायब करणं, मुलाकडून खोटी साक्ष घोटवून घेणं, सगळं पुढे रीतसर. आयुष्यभर इतरांचे खोटे जबाब ऐकल्याचा उपयोग होतो!

ब्रायन क्रॅन्स्टनची ही ‘युअर ऑनर’ डिसेंबर २०२० मध्ये आली. मूळ मालिका इस्रायलची, २०१७ ची ‘क्वोदो’. अमेरिकेच्या आधीच, जून २०२० मध्ये, सोनी लिव्हवर जिमी शेरगिलचा न्यायाधीश लुधियानात हाच घोळ निस्तरत होता. पुढे फ्रान्स, जर्मनी, इटली, रशिया आणि २०२४ मध्ये दक्षिण कोरियानेही आपापला बाप उभा केला. मुलाला पाठीशी घालणारा बाप कुणालाच परका वाटला नाही.

अमेरिकन आवृत्ती बोचते ती कोफी जोन्समुळे. गाडीची विल्हेवाट लावताना हा गरीब कृष्णवर्णीय पोरगा पकडला जातो आणि तुरुंगात बॅक्स्टरच्या थोरल्या मुलाच्या, कार्लोच्या, हातून मारला जातो. त्याच कार्लोला सोडवण्यासाठी मायकेल स्वतःच्या न्यायासनावरून खटला वाकवतो. कोफीचा धाकटा भाऊ कार्लोवर गोळी झाडतो, नेम चुकतो आणि ॲडम मरतो. ॲडमला तर कबुलीच द्यायची होती. बापाने त्याचा जीव वाचवायला घेतला आणि आधी त्याची ही एकमेव प्रामाणिक इच्छा चिरडली.

याच क्रॅन्स्टनचा ‘ब्रेकिंग बॅड’मधला (२००८–२०१३) वॉल्टर व्हाइट जास्त ओंगळ. पहिल्या भागात कपड्यांच्या दुकानात अपंग मुलाची टिंगल करणाऱ्याला तो तुडवतो, प्रेक्षक खूश. दुसऱ्या पर्वात तोच बाप साडूची जिरवण्यासाठी मुलाच्या पेल्यात टकीला ओतत राहतो, पोरगं तरणतलावात ओकेपर्यंत. माया आणि मिरवणं एकाच हाताने. शेवटी पोलिसांना फोन करतो तो मुलगाच.

आपल्याकडे पुत्रमोह म्हटलं की धृतराष्ट्र. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’मध्ये (१९८८–१९९०) गिरिजा शंकर यांनी तो साकारला. विदुराचं पटतं, पण दुर्योधनाला नाही म्हणवत नाही, अशी त्याची गत. मुलाच्या हट्टाची किंमत तिथेही इतरांच्या पोरांनी मोजली.

या साऱ्यांत अस्सल वाटतो तो ‘द सोप्रानोज’चा टोनी. जीव द्यायला निघालेल्या मुलाला, ए.जे.ला, तो कपड्यांनिशी पाण्यात उडी मारून काढतो, कवटाळतो, त्याआधी रागावतोही. पुढे पोराला सैन्यात जायचं असतं. मग आईबाप त्याला सिनेमाच्या कंपनीत नोकरी चिकटवून देतात, वर नवीकोरी बीएमडब्ल्यू. इथे बंदूक लागत नाही, खोटी साक्ष लागत नाही. ए.जे. खुशीत गाडी घेतो, सैन्य विसरतो आणि २००७ मध्ये मालिका संपते तेव्हा तो मजेत जगत असतो. मायकेलच्या शोकांतिकेपेक्षा हे विनोदी प्रकरण जास्त भीतिदायक आहे, कारण असे बाप शेजारच्या इमारतीतही सापडतात.