डिझेलवरची टी-20

पहाटे 5:30. अभनपुरच्या लॉजवरून निघालो, तर धानाचे ट्रॅक्टर आमच्या आधीच रस्त्यावर. आज 1 डिसेंबर 2023, नवा रायपूरच्या शहीद वीर नारायण सिंह स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया चौथी टी-20. आम्ही पॉवरवाले, टीव्हीसाठी वीज पुरवणारे. सगळे एकाच गाडीत कोंबलेले. डिझेलची बचत इथूनच सुरू होते.

6:15. थेट प्रक्षेपणाच्या ओबी व्हॅनमागचे दोन्ही जनरेटर रात्रभर चालूच. व्हॅनमध्ये चालू काय, तर एसी आणि दोन-चार रॅक. क्लॅम्प मीटर लावला, पाव लोडसुद्धा नाही. इतक्या कमी लोडवर डिझेल पुरतं जळत नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी काळा, चिकट ओघळ धरतो. बोट लावलं तर साबणानेही निघत नाही. ऑपरेटर म्हणाला, "भैया, बंद किया और सुबह चालू नहीं हुआ तो?" भीती खोटी नाही. पण उपाय सोपा आहे: रात्रीसाठी एक छोटा जनरेटर सेट, मोठे दोन सामन्यापुरते.

11:00. कॅमेरे, केबल, टेस्टिंग. रिप्लेवाले आणि ग्राफिक्सवाले मुंबईतच बसले आणि फीड फायबरने तिकडे गेला, तर तेवढी विमानाची तिकिटं आणि हॉटेलच्या खोल्या वाचतात. त्यासाठी फायबरच्या दोन वेगळ्या वाटा लागतात. एकीच्या भरवशावर लाइव्ह करायला कुणी धजावत नाही.

1:30. वरण-भात. बाटल्यांऐवजी पाण्याचे जार. पुढे.

5:00. फ्लडलाइट लागले, तेही जनरेटरवर. स्टेडियमचं 3.16 कोटींचं वीजबिल थकलेलं, जोडणी 2018 पासून तोडलेली. तात्पुरती जोडणी गॅलरी आणि बॉक्सपुरतीच. सकाळपासून सगळे यावर हसताहेत. मला मात्र हिशेब सुचतो. लिटरभर डिझेलमधून सव्वातीन युनिट निघाले, तर युनिटमागे साधारण 0.8 किलो कार्बन डायऑक्साइड. आपल्या ग्रिडची वीज 0.7 च्या आसपास, कारण ती बरीचशी कोरब्यासारख्या ठिकाणच्या कोळशाची. धूर इथे निघाला नसता, तर तिथे निघाला असता. खरी बचत कमी वीज जाळण्यात.

7:00. सामना सुरू. आता दोन्ही सेट लागतात, त्यावर वाद नाही. एक बसला तर दुसऱ्याने सांभाळायचं.

11:00. भारत 20 धावांनी जिंकला, अक्षर पटेल सामनावीर. आम्ही केबल गुंडाळतोय. बंगळूरचा सामना परवा, 3 तारखेला. मालिकेचा रस्ता बघा: विशाखापट्टणम, तिरुअनंतपुरम, गुवाहाटी, रायपूर, बंगळूर, सगळं अकरा दिवसांत. एकच व्हॅन रस्त्याने एवढं गाठूच शकत नाही. म्हणून व्हॅन जास्त, माणसं विमानाने. रात्री मोठे सेट बंद ठेवले, तरी वाचणारं डिझेल या रस्त्यापुढे किती पुरणार? क्रिकेट मंडळाने पुढचं वेळापत्रक आखताना भारताचा नकाशा टेबलावर ठेवावा.