मोटारींतील गारवा कां हरपतो?

उन्हाळा तापूं लागला म्हणजे मोटारमालकांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकूं येतें: "एसीचा गॅस संपला, भरून घ्यावा लागेल." मोटार दुरुस्तीला जाते, गॅस भरला जातो, कांहीं दिवस गार वारा लागतो आणि पुन्हां पहिलेंच रडगाणें सुरू होतें. याचें कारण असें कीं, मूळ चूक या वाक्यांतच दडलेली आहे. पेट्रोल इंजिनांत जळून जातें, म्हणून तें पुनःपुन्हां भरावें लागतें. एसीचा गॅस जळत नाहीं कीं खर्चही होत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो वर्षानुवर्षें फिरत राहतो. रबरी नळ्यांतून तो किंचित् झिरपतो, एवढेंच. एका हंगामांत तो उणा पडला, तर कोठें तरी गळती असलीच पाहिजे. आणि पुष्कळदां तो उणा झालेलाच नसतो, दोष निराळ्याच ठिकाणीं असतो. तो शोधावयाचा तर गारवा उत्पन्न कसा होतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

मातीच्या माठांतील पाणी गार कां होतें, हें घरोघरीं ठाऊक आहे. माठाच्या अंगांतून पाझरलेलें पाणी वाऱ्यानें वाळतें, आणि त्याची वाफ होण्यास लागणारी उष्णता तें माठांतून उचलतें. मोटारीचा एसी याच नियमावर चालतो. फरक इतकाच कीं, माठाची वाफ हवेंत निघून जाते, तर एसींत ती पकडून तिचा पुन्हां द्रव करण्यांत येतो. पुष्कळ मोटारींत यासाठीं आर-१३४ए नांवाचें द्रव्य असतें. उघड्या हवेंत तें उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतें.

हें काम चार अवयव मिळून करतात. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो व त्या दाबानें गॅस तापतो. मोटारीच्या तोंडाशीं, रेडिएटरच्या पुढें, कंडेन्सर नांवाची जाळी असते. तिच्यांत बाहेरच्या वाऱ्यानें गॅसची उष्णता निघून जाऊन त्याचा द्रव होतो. तो द्रव एका अरुंद झडपेंतून सुटला म्हणजे त्याचा दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डामागील कूलिंग कॉइलमध्यें तो उकळूं लागतो. त्यामुळें कॉइल थंडगार पडते. तिच्यावरून आंतला पंखा, म्हणजे ब्लोअर, हवा लोटतो. तीच अंगाला लागते. हवेंतील दमटपणा कॉइलवर पाणी होऊन बसतो व नळीवाटे मोटारीखालीं ठिबकतो. तें स्वच्छ पाणी पाहून घाबरूं नये. तें यंत्र चालत असल्याचें लक्षण होय.

कॉम्प्रेसर पाहिजे तेव्हां चालावा व नको तेव्हां थांबावा, ही सोय आरंभीं नव्हती. अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९४० सालच्या मोटारींसाठीं कारखान्यांतच बसविलेलें शीतयंत्र विक्रीस काढलें. पण गारवा नको झाला म्हणजे इंजिन थांबवून त्याचा पट्टा उतरावा लागे. आतां पुष्कळ मोटारींत हें काम विजेवर चालणारा क्लच करतो.

इतकें ध्यानांत आलें म्हणजे निदान अवघड राहत नाहीं. मात्र प्रश्न क्रमानें विचारावेत. पहिला प्रश्न असा कीं, झरोक्यांतून हवा येते काय? मुळींच येत नसेल, तर गॅसचा संबंध नाहीं. दोष फ्यूजचा, ब्लोअरच्या मोटरचा किंवा तारांचा. पंखा केवळ शेवटच्या वेगावर चालत असेल, तर वेग कमी करणारा रेझिस्टर बहुधा जळलेला असतो. हवा येते पण अगदीं मंद, असें असल्यास केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक मोटारींत तो डाव्या बाजूच्या खणामागें असतो व धुळीनें आणि पाचोळ्यानें तुंबतो. तो घरींही बदलतां येतो.

कांहीं वेळां प्रथम उत्तम गारवा लागतो आणि अर्ध्या तासानें हवाच येईनाशी होते. अशा वेळीं कॉइलवर बर्फ धरला असण्याचा संभव असतो. एसी बंद करून नुसता पंखा दहा-पंधरा मिनिटें चालू ठेवावा. हवा पूर्ववत् झाली तर हें अनुमान बरोबर समजावें.

हवा भरपूर आहे पण गार नाहीं, अशी स्थिति असेल तर दुसरा प्रश्न येतो: ती केव्हां गार नसते? मोकळ्या रस्त्यावर गारवा मिळतो आणि सिग्नलपाशीं थांबतांच तो नाहींसा होतो, हें लक्षण फार बोलकें आहे. धांवत्या मोटारीच्या कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. उभ्या मोटारीस तो पुढच्या पंख्यानेंच द्यावा लागतो. तेव्हां पंखा बंद आहे, किंवा जाळी चिखलानें व किड्यांनीं भरली आहे, असा संशय घ्यावा. एसी चालू असतां पंखा फिरतो कीं नाहीं, हें दुरूनच पाहावें. तो अकस्मात् सुरू होतो, म्हणून तेथें हात घालूं नये.

सर्वकाळ गारवा नसेल, तर कॉम्प्रेसर चालतो काय, हें पाहावें. क्लच असलेल्या मोटारींत एसीचें बटण दाबतांच "खट्" असा आवाज होतो. तो झाला नाहीं, तर फ्यूज, रिले, दाबाचा स्विच किंवा खरोखरच उणा झालेला गॅस, यांपैकीं एखादें कारण असूं शकतें. कॉम्प्रेसर चालतो, कॉइलही गार आहे, तरी हवा कोमटच, असें असल्यास आंतली झडप अडकली असावी. ती इंजिनाच्या ऊन पाण्यानें तापलेली हवा मिसळीत राहते. हवेला कुबट वास येत असेल, तर ओल्या कॉइलवर बुरशी धरली असें समजावें. पायाशीं पाणी सांचत असेल, तर ठिबकण्याची नळी तुंबली आहे. वास गोडसर असून कांचेवर चिकट धुकें धरत असेल, तर मात्र हीटरमधून कूलंट गळत आहे; तिकडे दुर्लक्ष करूं नये, कारण कूलंट संपल्यास इंजिनच निकामी होतें.

गॅस उणा आहे असें ठरलें, तरीही लगेच भरण्याची घाई नको. गॅसबरोबर तेलही फिरत असतें. म्हणून सांध्यावर तेलकट डाग दिसला तर गळती तेथेंच असण्याचा संभव मोठा. मेकॅनिकला तीन प्रश्न अवश्य विचारावेत: गळती कोठें सांपडली? गॅस भरण्यापूर्वीं व्हॅक्यूम पंपानें नळ्यांतील हवा व ओलावा काढला काय? आणि गॅस वजन करून भरला काय? लहान मोटारीस साधारण अर्धा किलो गॅस पुरतो. नेमका आंकडा बॉनेटखालील चिठ्ठीवर बहुधा छापलेला असतो. गॅस जास्त झाला तरी गारवा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण पडतो. नळ्या घरीं मात्र कधींही उघडूं नयेत. सुटलेला गॅस त्वचा गोठवितो आणि डोळ्यांस कायमची इजा करूं शकतो.

गळती तशीच ठेवण्याचें मोल केवळ मालकच भरतो असें नाहीं. पूर्वींचा आर-१२ हा गॅस ओझोनचा थर विरळ करीत असे, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानें त्याजवर बंधन आलें. आर-१३४ए ओझोनला धक्का लावीत नाहीं. परंतु वातावरण तापविण्यांत तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षां १३०० पटींहून कमी नाहीं. अर्धा किलो गॅस हवेंत सोडणें म्हणजे अडीचशें लिटरहून अधिक पेट्रोल जाळल्यासारखेंच आहे. गळती न बुजवितां दरवर्षीं गॅस भरणारा मनुष्य पैसे देऊन हेंच करवीत असतो.

उन्हांत उभी असलेली मोटार सुरू करतांना प्रथम सर्व कांचा खालीं करून कोंडलेली हवा बाहेर जाऊं द्यावी, आणि मगच आंतलीच हवा फिरविण्याचें बटण दाबावें. निम्मा त्रास तेवढ्यानें वांचतो. थंडीच्या दिवसांतही एसी अधूनमधून चालवावा, म्हणजे तेल फिरत राहून सांधे कोरडे पडत नाहींत. आणि एसी चालू आहे या भरंवशावर लहान मूल किंवा आजारी माणूस उभ्या मोटारींत एकटें ठेवून कोणीं क्षणभरही दूर जाऊं नये. यंत्र बंद पडण्यापूर्वीं सूचना देतेंच असें नाहीं, आणि बंद मोटार उन्हांत कांहीं मिनिटांतच भट्टीसारखी तापते.