एकच ऊस, दोन बेटं आणि युरोपचा जकात नाका

दहिसरचा जकात नाका आठवतो? जुलै २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत आपल्या वसई-नालासोपाऱ्याचा टेम्पो तिथे थांबायचा, पावती फाडायचा, मगच मुंबईत शिरायचा. (आपल्या ज़कातीशी याचं नातं फक्त शब्दापुरतं!) आचोळ्यात वर्गावर ‘व्यापारी गट’ शिकवताना मी हाच नाका फळ्यावर काढतो. गटातले देश आपसातले नाके उठवतात आणि बाहेरच्यांसाठी एकच नाका ठेवतात.

एका मुलीने विचारलं, “सर, देश गटात गेला, पण त्याचं लांब समुद्रातलं बेट? त्याचा माल कोणत्या रांगेत?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर हिंदी महासागरात आहे.

रियुनियन हे फ्रान्सचं बेट. गुजराती मुसलमानांची तिथे जुनी वस्ती आहे. १९४६ पासून ते फ्रान्सचा जिल्हाच मानलं जातं, त्यामुळे १९५८ मध्ये युरोपचा सामायिक बाजार सुरू झाला तेव्हा तेही आत गेलं. त्याची साखर युरोपात घरची ठरली. बिनजकात, आणि पुढे हमीभावासकट.

शेजारचं मॉरिशस ब्रिटिशांचं. आपल्या कोकणातली कितीतरी मराठी घरं तिथे उसाच्या मळ्यात गेली. १२ मार्च १९६८ ला ते स्वतंत्र झालं, तरी साखर मुख्यतः ब्रिटनलाच जायची. १ जानेवारी १९७३ ला ब्रिटन युरोपच्या गटात शिरलं आणि मॉरिशसच्या पोटात गोळा आला, कारण युरोपात बीटाची साखर भरपूर. १९७५ च्या लोमे कराराने तारलं. वर्षाला जवळपास ५ लाख टन साखर युरोपच्या चढ्या भावाने घेण्याचं वचन मिळालं. त्या पैशातून तिथे कापडाचे कारखानेही उभे राहिले.

पण करार तो करारच. ब्राझील, ऑस्ट्रेलिया, थायलंड जागतिक व्यापार संघटनेत भांडले आणि जिंकले. २००६ पासून युरोपने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के उतरवला, २००९ मध्ये ते वचनही संपलं. मॉरिशसला मदतनिधी मिळाला, तरी छोट्या शेतकऱ्यांनी ऊस सोडला, गिरण्या बंद पडत आता तीनच उरल्या. भाव रियुनियनचाही पडला, पण तिथल्या शेतकऱ्याला फ्रान्स आणि युरोप आजही अनुदान देतात.

आणि गंमत बघा, रियुनियनमध्ये ‘समुद्री जकात’ अजून चालू आहे. खुद्द फ्रान्सहून आलेल्या मालावरसुद्धा.