घरी बांधलेलं विमान सीमेपार नेता येतं का?

बेळगावच्या खडेबाजारातल्या चहाच्या टपरीवर निघालेला हा विषय. आपल्याकडे गाडी ‘केए’ की ‘एमएच’ यावरून निपाणीच्या पुढे कटकटी सुरू होतात. विमानाला तो त्रास नाही. विमानवाहतूक केंद्राच्या अखत्यारीत, आणि भारतातल्या प्रत्येक विमानाची नोंदणी ‘व्हीटी’नेच सुरू होते. सांब्र्याहून उडा की कोल्हापूरहून, अक्षरं तीच.

खरी अडचण देशाच्या सीमेवर. 1944 च्या शिकागो कराराचं 31 वं कलम सांगतं की परदेशी जाणाऱ्या विमानाकडे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र हवं. हौशी माणसाने बांधलेल्या विमानाला सहसा ते मिळत नाही. मिळतो तो फक्त उड्डाण परवाना, अटींसकट. हा परवाना दुसऱ्या देशावर बंधनकारक नाही. म्हणून ज्याच्या हद्दीत शिरायचं, त्या प्रत्येक देशाची परवानगी आधी काढायची. युरोपातल्या देशांनी 1980 मध्ये एकमेकांच्या घरगुती विमानांना मोकळीक देण्याची शिफारस स्वीकारली. आपल्या शेजारात असं काही नाही, आणि ही उणीवच म्हणायची.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्याची नोंदणी व्हायलाच 2017 उजाडलं. परदेश तर दूरच!

जुन्या विमानांचं उदाहरण मात्र झकास आहे. 1932 मध्ये जेआरडी टाटा कराचीहून मुंबईला टपाल घेऊन आले, तेव्हा मध्ये सीमाच नव्हती. 1982 मध्ये 78 व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केला, तेव्हा कराची परदेशात होतं.

कुणी विमान बांधत असाल, तर पहिला स्क्रू पिळण्याआधी डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचे, नियम वाचा.